निम्मे पाणी परक्याचे
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



प्रवासासंबंधी चार शब्द बोलावेत अशी सूचना मंडळाच्या चिटणीसांनी केली व ती आम्ही आनंदाने मान्य केली. प्रवासवर्णन म्हटले म्हणजे हिमशिखरे, धबधबे, राजवाडे यांची अपेक्षा श्रोत्यांच्या मनात उभी राहते. ती अपेक्षा आज पुरी व्हावयाची नाही, हे आरंभीच सांगणे बरे. आमच्या विषयात डोंगर नाही, नदी असून नसल्यासारखी आहे, आणि सावलीसाठी झाड शोधावे तर मैलोगणती सापडत नाही. एक सरळ रस्ता, दोहों बाजूंस गहू व गवत, वर अफाट आकाश आणि खाली दोन चाके, एवढीच काय ती सामग्री. तथापि या उजाड मुलखातील एका दिवसाने आम्हांस जो हिशेब शिकविला, तो आपल्या मंडळाच्या कार्याशी निकटचा आहे अशी आमची खात्री झाल्यामुळे हा विषय आम्ही निवडला आहे.

अमेरिकेच्या बरोबर मध्यभागी कॅन्सस नावाचे राज्य आहे. त्याच्या पश्चिमेकडील भागात स्कॉट सिटी व नेस सिटी अशी दोन गावे आहेत. नावात ‘सिटी’ असली तरी आपल्याकडील तालुक्याच्या गावाहूनही ती लहान. या दोहोंमधील अंतर सुमारे ५५ मैल, म्हणजे ८८ किलोमीटर. २०२३ सालच्या जून महिन्याच्या अखेरीस हे अंतर आम्ही एका दिवसात सायकलीने तोडले. सोबतीस नोकरीनिमित्त त्या देशी राहणारा आमचा पुतण्या होता. आमचे वय ऐकून पुष्कळांनी भुवया उंचावल्या. परंतु ज्याने नोकरीची सारी वर्षे खेड्यापाड्यांतील शाळा सायकलीवरूनच गाठल्या, त्याला सायकल परकी नाही. परका होता तो मुलूख.

ज्या रस्त्याने आम्ही गेलो तो सायकलप्रवाशांत प्रसिद्ध आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्यास २०० वर्षे झाली त्या वर्षी, म्हणजे १९७६ साली, पश्चिम किनाऱ्यावरील ऑरेगन राज्यापासून पूर्व किनाऱ्यावरील व्हर्जिनियापर्यंत ४,००० मैलांहून अधिक लांबीचा एक सायकलमार्ग आखण्यात आला. ‘ट्रान्सअमेरिका’ हे त्याचे नाव. त्या एका उन्हाळ्यात ४,००० हून अधिक लोक या मार्गावर सायकली घेऊन निघाले होते. आजही दर उन्हाळ्यात कोणी तरुण, कोणी आमच्यासारखे निवृत्त, या वाटेने जातात. कॅन्ससमधून जाणारा त्याचा भाग पुष्कळांस कंटाळवाणा वाटतो. कित्येक जण तो डोळे मिटून उरकावा तसा उरकतात. आम्ही मात्र मुद्दाम तोच तुकडा निवडला. त्याचे कारण पुढे ओघाने येईलच.

प्रथम या भूमीचा परिचय करून देतो. ‘प्रेअरी’ हा मूळचा फ्रेंच शब्द. त्याचा अर्थ कुरण. रॉकी पर्वताच्या पूर्वेस पसरलेला हा गवताळ माळ वृक्षहीन का, याचे उत्तर आपल्या माणदेशातील शाळकरी मुलासही देता येईल. सह्याद्री ज्याप्रमाणे पश्चिमेचे ढग अडवितो आणि माण-खटाव कोरडे राहतात, त्याप्रमाणे रॉकी पर्वत पॅसिफिक महासागरावरून येणारी वाफ अडवितो आणि त्याच्या पाठीशी असलेला मुलूख तहानलेला राहतो. पूर्वेकडे जावे तसा पाऊस वाढत जातो. पृथ्वीच्या गोलावर १०० अंश पश्चिम रेखांशाची जी रेषा आहे, तिच्या आसपास वर्षाला २० इंच पावसाची मर्यादा येते, आणि त्याच्या पश्चिमेस पाटपाण्यावाचून शेती बेभरवशाची, असे जॉन वेस्ली पॉवेल या भूगर्भशास्त्रज्ञाने १८७८ सालच्या आपल्या अहवालात सांगून ठेविले होते. ही रेषा नेस सिटीच्या किंचित पश्चिमेकडून जाते. म्हणजे आमचा जवळजवळ सारा दिवस त्या रेषेच्या कोरड्या बाजूसच जावयाचा होता.

येथे पूर्वी शेती नव्हती. शायान, अरापाहो, कायोवा, कोमांची इत्यादी मूळ रहिवाशांच्या टोळ्या बायसन नावाच्या रानबैलांच्या कळपांमागे या माळावर फिरत. १८७० नंतरच्या अवघ्या दहाएक वर्षांत गोऱ्या शिकाऱ्यांनी कातड्यांसाठी हे कळप जवळजवळ नामशेष केले आणि मूळच्या लोकांस दूर हटविण्यात आले. मग मोजणीदार आले. १७८५ सालच्या कायद्याने त्या देशाची जमीन मोजण्याची एक पद्धती ठरवून दिली होती: ६ मैल लांब व ६ मैल रुंद असा एक चौकोन, त्याचे एक एक चौरस मैलाचे ३६ भाग. या ३६ भागांपैकी १६ वा भाग शाळेसाठी राखून ठेवावा, असे त्या कायद्यातच लिहिले होते. पुढे कॅन्ससमध्ये ३६ वा भागही शाळेस मिळाला. वस्ती होण्याआधी शाळेची जमीन! ज्याने शाळेच्या गळक्या छपरासाठी अर्ज लिहिण्यात उमेद घालविली, त्या शिक्षकास हे वाचून काय वाटले असेल, ते सांगावयास नको.

१८६२ साली दुसरा कायदा झाला. २१ वर्षे पुरी झालेल्या कोणाही नागरिकाने १६० एकर जमीन मागावी, तिच्यावर ५ वर्षे राहावे, ती कसावी, आणि नाममात्र शुल्क भरून ती आपली करावी. या जमिनीपायी हजारो कुटुंबे पूर्वेकडून आली. घर बांधावयास लाकूड नाही, दगड थोडा. तेव्हा त्यांनी गवताच्या मुळांनी घट्ट बांधलेल्या मातीच्या लादा कापल्या आणि त्या विटांसारख्या रचून घरे उभी केली. पुढे १९३० नंतरच्या दशकात अवर्षणाने नांगरलेली माती उडून धुळीची वादळे झाली व कित्येकांनी गाव सोडले. उरले ते आजचे शेतकरी. हा इतिहास मनात ठेवूनच त्या रस्त्यावर जावे; नाहीतर दिसते ते केवळ गवत.

आता दिवसाचे वर्णन. जूनअखेर तेथे सूर्य सव्वासहा वाजून गेल्यावर उगवतो आणि रात्री नऊनंतर मावळतो. ऊन टाळावे म्हणून आम्ही साडेपाचलाच, सायकलींना दिवे लावून निघालो. मागील चाकाच्या दोन्ही अंगांस अडकविलेल्या पिशव्यांत तंबू, पांघरूण, दोन ट्यूबा, हवेचा पंप आणि खाण्याचे जिन्नस. प्रत्येकाजवळ पाणी ३ लिटर. याहून अधिक घ्यावे तर ओझे वाढते, ओझे वाढले की घाम वाढतो आणि घाम वाढला की तहान वाढते.

येथेच तो हिशेब सुरू होतो. ५५ मैल अंतर. ओझ्यासह आमची गती ताशी ९ मैल. म्हणजे प्रत्यक्ष चालविण्याचा वेळ ६ तासांहून थोडा अधिक. दुपारचे उष्णमान ३८ अंशांपर्यंत जाते. अशा हवेत सायकल चालविणाऱ्यास तासाला सुमारे १ लिटर पाणी लागते. म्हणजे दिवसाला ६ लिटर हवे, आणि जवळ ३. बाकीचे कोठून आणावयाचे? ओढे कोरडे आहेत. विहीर उघड्यावर नाही. तेव्हा उरलेले निम्मे पाणी कोणा दुसऱ्याने दिल्यावाचून हा प्रवास पुरा होऊच शकत नाही. प्रवासी कितीही धट्टाकट्टा असो, सायकल कितीही मोलाची असो, या गणितात फरक पडत नाही. निम्मे पाणी आपले, निम्मे परक्याचे.

उजाडले तेव्हा आम्ही मोकळ्यात आलो होतो. सूर्य समोर, नाकासमोर सरळ जाणाऱ्या रस्त्याच्या डाव्या अंगास, ईशान्येकडे वर आला. पूर्वेकडे जाणाऱ्यास ही वेळ धोक्याची. कारण मागून येणाऱ्या मोटारवाल्याच्याही डोळ्यांवर तेच ऊन असते व त्यास सायकलस्वार दिसत नाही. म्हणून आम्ही अर्धा तास रस्त्याकडेस थांबून न्याहारीचा पहिला भाग उरकला. कुंपणाच्या खांबावर पिवळ्या छातीचा मेडोलार्क पक्षी बसून गात होता; तो त्या राज्याचा मानाचा पक्षी आहे.

या भागात अंतर मोजण्यास मैलाच्या दगडांची गरज नाही. मोजणीदारांनी आखलेल्या चौकोनांच्या कडेने दर मैलाला एक कच्चा रस्ता काटकोनात येऊन मिळतो. असे नऊ रस्ते ओलांडले की एक तास झाला असे समजावे. दोन्ही बाजूंस कोठे पिकलेला गहू, कोठे नुकतीच उगवलेली ज्वारी. होय, आपली ज्वारीच! अमेरिकेत सर्वांत अधिक ज्वारी पिकते ती कॅन्ससमध्ये. मात्र तिचे ताट यंत्राने कापता यावे म्हणून बुटके केलेले, दाणा तांबूस, आणि पुष्कळसा उपयोग गुरांच्या खाद्यासाठी. भाकरीचे धान्य इतक्या दूर भेटल्याचा आम्हांस आनंद झाला. तिची भाकरी कोणी करीत नाही याचे वाईट वाटले.

स्कॉट सिटीच्या आसपास काही शेते वर्तुळाकार दिसतात. एका टोकास खिळविलेली लांबलचक नळी चाकांवर गोल फिरते व पाणी शिंपते. फ्रँक झायबाक नावाच्या शेतकऱ्याने या यंत्राचे एकस्व १९५२ साली मिळविले. १६० एकरांच्या चौकोनात बसणारे मोठ्यात मोठे वर्तुळ सुमारे १२५ एकरांचे. कोपरे कोरडेच राहतात. हे पाणी येते ते ओगालाला नावाच्या भूगर्भातील प्रचंड साठ्यातून. पावसाने जितके आत मुरते त्याहून कितीतरी अधिक उपसा गेली अनेक दशके चालू असल्यामुळे या भागात त्याची पातळी खाली खाली जात आहे. विंधनविहिरींच्या मागे लागलेल्या आपल्या गावांस ही कथा नवी नाही.

सातच्या सुमारास क्षितिजावर एक पांढरा ठिपका दिसू लागला. ते डायटन गावचे धान्यकोठार. काँक्रीटच्या उंच नळकांड्या एकमेकींस चिकटवून उभ्या केलेल्या अशी ही कोठारे प्रत्येक गावात लोहमार्गाच्या कडेस असतात आणि शंभर फुटांहून उंच असतात. सपाट भूमीवर उभ्या मनुष्याच्या डोळ्यांस क्षितिज तीनेक मैलांवर असते. परंतु १२० फूट उंचीच्या वस्तूचा माथा, मध्ये चढउतार नसतील तर, १६ मैलांवरून दिसावा असे गणित सांगते. दिसले म्हणजे आले असे मात्र नव्हे. तासभर पाय मारावेत, तरी कोठार जेथल्या तेथे. दुरून डोंगर साजरे म्हणतात. येथे दुरून कोठारही साजरे, आणि जवळ येता येत नाही म्हणून अधिकच साजरे. आम्ही पुतण्यास म्हटले, “समोर पाहू नकोस, चाकापुढचे दहा हात पाहा.” तो म्हणाला, “काका, शाळेतही तुम्ही हेच सांगत होता.”

साडेनऊस डायटनला पोहोचलो. २४ मैल झाले होते आणि जवळचे पाणी जवळजवळ संपले होते. गावच्या बागेत नळ होता. कोणाची परवानगी घ्यावी म्हणून इकडे तिकडे पाहतो, तो झाडांना पाणी घालणारी एक वृद्धा म्हणाली, “तो तुमच्यासारख्यांसाठीच आहे.” या सायकलमार्गावरील कित्येक गावांत अशी वहिवाट आहे. प्रवाशाने गावच्या बागेत तंबू ठोकावा, नळाचे पाणी घ्यावे. काही ठिकाणी चर्चची मंडळी आपले सभागृहही रात्रीपुरते उघडून देतात. नाव, धर्म, देश विचारला जातो, परंतु तो उत्सुकतेने. उत्तरावर पाणी अवलंबून नसते.

डायटन सोडले तेव्हा दक्षिणेचा वारा सुटला होता. कॅन्सस हे नाव ज्या कॉ जमातीवरून पडले, तिच्या नावाचा अर्थ ‘दक्षिण वाऱ्याचे लोक’ असा लावतात. तो किती यथार्थ आहे हे त्या दिवशी कळले. आम्ही पूर्वेस जात होतो, वारा उजव्या कुशीवर येत होता. सायकल उजवीकडे कलती धरूनच सरळ चालावे लागते. समोरून धान्याचा ट्रक आला की त्याने लोटलेल्या हवेने कलती सायकल क्षणभर उजव्या बाजूच्या गवताकडे ढकलली जाते. ट्रक गेला की सोसाट्याचा धक्का बसून ती रस्त्याच्या मध्याकडे लोटली जाते. समोर ट्रक दिसला की दोन्ही हात घट्ट करून बसावे, हा एकच उपाय. रस्ता नेस सिटीपर्यंत एकंदरीत ७०० फूट उतरतो असे नकाशा सांगतो. परंतु वाऱ्याने त्या उताराचा लाभ आम्हांस होऊ दिला नाही. मोटारी थोड्या, आणि त्यांतील बहुतेक चालक चाकावरून एक बोट उचलून सलाम करीत. बोट एकच, पण त्याने मनुष्यास उभारी येते.

अलामोटा नावाच्या वस्तीच्या अलीकडे मागील चाक बसले. ट्यूब काढून पाहतो तो काटा ओळखीचा! आपल्या माळावर अनवाणी चालणाऱ्याच्या पायात भरतो तो सराटाच. ही वनस्पती कोणे काळी त्या देशात जाऊन पोहोचली आणि आता सायकलवाल्यांचा काळ झाली आहे. दुपारचे साडेअकरा वाजलेले, सावली नाही, आणि रस्त्याची डांबर पायाखाली मऊ झालेली. पुतण्या ट्यूब बदलू लागला. इतक्यात एक शेतकरी आपली उघड्या हौद्याची मोटार आमच्या दक्षिणेस, वाऱ्याच्या आड येईल अशी उभी करून खाली उतरला. गव्हाच्या कापणीचे दिवस. त्याचा एक एक तास मोलाचा. तरी तो थांबला. हौद्यातील मोठ्या पिंपातून बर्फाचे पाणी काढून त्याने आमच्या सहाही बाटल्या भरल्या.

“कोठे निघालात?” त्याने विचारले.

“बीलर गावाकडे. कार्व्हरची जागा पाहावयाची आहे.”

तो हसला. “तेथे पाहण्यासारखे काही नाही. गवत आहे.”

पुतण्या म्हणाला, “काका तेच गवत पाहावयास सात समुद्र ओलांडून आले आहेत.”

पैसे विचारण्याचा धीर झाला नाही. आभार मानले, तेव्हा तो म्हणाला, “आमची विहीर वडिलांच्या वेळेपेक्षा पुष्कळ खोल गेली आहे, पण माणसाला प्यायला लागते तेवढ्याने ती आटत नाही.” एवढे बोलून तो निघून गेला. त्याचे नाव आम्हांस ठाऊक नाही.

आता हा रस्ता आम्ही का निवडला ते सांगतो. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ हे पुस्तक १९८१ साली निघाले. या सभेत बसलेल्या कुटुंबांपैकी ज्यांच्या घरी ते नाही अशी थोडीच असतील. आम्ही ते वर्गात कितीदा वाचून दाखविले याची गणती नाही. गुलामाच्या पोटी मिसुरी राज्यात जन्मलेला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हा पोरका मुलगा पुढे थोर कृषिशास्त्रज्ञ झाला. कॅन्ससमधील हायलंड येथील एका महाविद्यालयाने त्यास पत्राने प्रवेश दिला होता. परंतु तो प्रत्यक्ष जाऊन उभा राहताच त्याच्या कातडीचा रंग पाहून प्रवेश नाकारला. त्यानंतर १८८६ साली तो या पश्चिम कॅन्ससमध्ये आला आणि इतर सर्वांप्रमाणे त्यानेही १६० एकरांवर हक्क सांगितला. मातीच्या लादांचे घर त्याने स्वतः बांधले. बैल नसता, हाताने १७ एकर जमीन उकरली. मका, भाजीपाला, फळझाडे लाविली. घरात निरनिराळी रोपे आणि दगडगोटे यांचा संग्रह केला. त्याचे शेजारी बहुतांशी गोरे होते.

बीलर ही आज अगदी लहानशी वस्ती आहे. हमरस्त्याच्या कडेस कार्व्हरविषयीचा फलक आहे, आणि त्याची जमीन थोड्या अंतरावर दक्षिणेस आहे. शेतकऱ्याने सांगितले ते खरेच होते. घर केव्हाच मातीस मिळाले आहे. गवत, वारा आणि क्षितिज. फलकापुढे उभे राहून आम्ही ती दिशा पुष्कळ वेळ पाहिली. २० इंचांहून कमी पावसाच्या त्या मुलखात, एकट्याने, कुदळीने १७ एकर! आम्ही पुस्तकात वाचलेले वाक्य उन्हात उभे राहून वाचले, तेव्हा त्याचे वजन कळले. ज्या वाऱ्याने आमच्यासारख्यांस अर्ध्या दिवसात नमविले, त्या वाऱ्यात त्याने दोन हिवाळे काढले.

बीलरपासून नेस सिटी १५ मैलांच्या आसपास. वाटेत कोठेतरी ती १०० अंशांची रेषा आम्ही ओलांडली. तिची खूण जमिनीवर काही दिसत नाही. शेवटचे मैल फार सावकाश गेले. चार वाजता आम्ही गावात शिरलो. तेथे चुनखडीच्या दगडाची एक चार मजली भव्य इमारत आहे. ती १८८८ ते १८९० या काळात नेस कौंटी बँकेसाठी बांधली गेली व त्या माळावरील गगनचुंबी इमारत म्हणून तिची ख्याती आहे. वसाहत होऊन फार वर्षे झाली नसता गावाने एवढी इमारत उभारावी, यावरून त्या काळच्या लोकांची उमेद दिसते.

परंतु आमच्या मनात दुसरीच पेढी होती. ‘बँक ऑफ नेस सिटी’ या याच गावातील पेढीने १८८८ साली कार्व्हरला ३०० डॉलर कर्ज दिले. त्याच वर्षी त्याने हा मुलूख सोडला. १८९० साली तो आयोवा राज्यातील सिम्पसन महाविद्यालयात दाखल झाला, पुढील वर्षी तेथील शेतकी महाविद्यालयात गेला, १८९६ साली पदव्युत्तर पदवी घेऊन टस्कीगी येथे कृष्णवर्णीयांच्या विद्यालयात अध्यापक झाला, आणि १९४३ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच राबला. ज्या राज्यातील महाविद्यालयाने रंग पाहून दार लावले, त्याच राज्यातील एका लहान गावच्या पेढीने त्याच्या हाती ३०० डॉलर ठेविले. ती पेढी त्याच्या जातीची नव्हती, त्याच्या रंगाची नव्हती. त्या देशाचे आम्ही स्तुतिपाठक नव्हे. मूळ रहिवाशांना हटवून ही जमीन वाटली गेली हे आम्ही आधीच सांगितले आहे. सांगावयाचे एवढेच की कार्व्हरने स्वतःचे निम्मे पाणी स्वतःच्या कष्टाने वाहून आणले, आणि उरलेले निम्मे परक्यांनी दिले. यांपैकी एकही अर्धे उणे असते तर तो पोहोचला नसता.

सज्जनहो, हा हिशेब आता आपल्या घरी आणू. आपले मंडळ विद्यार्थ्यांस शिष्यवृत्त्या देते, फी भरते, पुस्तके देते. हे कार्य थोर आहे. ज्ञातीज्ञातींची अशी मंडळे आणि वसतिगृहे निघाली ती काही दुरभिमानाने नव्हे. शाहू महाराजांनी १९०१ सालापासून कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे काढविली, कारण त्या काळी खेड्यातील मुलास शहरात कोणी दारात उभे करीत नव्हते. परंतु त्याच मातीत कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले, तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवली. पहिले पाऊल चुकीचे नव्हते. ते पहिले होते, एवढेच. आपल्या ज्ञातीतील आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या किती जणांची फी कोणा परजातीच्या शिक्षकाने भरली, किती जण कोणाच्या पडवीत राहून शिकले, हे ज्याचे त्याने आठवावे. ते निम्मे पाणी आपण प्यालेलो आहोत.

आपल्या निधीच्या नियमात ‘ज्ञातीतील विद्यार्थी’ असे शब्द आहेत. ते तसेच राहोत. आमची सूचना इतकीच की दर दहा शिष्यवृत्त्यांमागे एक अशा मुलास अथवा मुलीस द्यावी, जी आपल्या ज्ञातीची नाही, परंतु जिची निकड तिच्या शाळेने कळविली आहे. तिचे नाव व गरज विचारावी. जात विचारू नये. हा ठराव आम्ही येत्या सर्वसाधारण सभेत रीतसर मांडणार आहोत.

यावर आक्षेप येईल तो आम्हांस ठाऊक आहे. ‘निधी आपल्याच मुलांस पुरत नाही.’ आक्षेप खोटा नाही. परंतु ज्या शेतकऱ्याने आमच्या बाटल्या भरल्या, त्याचीही विहीर खोल जात होती, आणि कापणीचा दिवस उलटत होता. भरल्या विहिरीचे पाणी कोणीही देतो. दुसरा आक्षेप, ‘परक्याच्या मुलाने पुढे आपली आठवण ठेवली नाही तर?’ न ठेवो. त्या शेतकऱ्याचे नाव आम्हांस कळले नाही आणि आमचे त्यास कळले नाही. त्यामुळे पाण्याची गोडी उणी झाली नाही.

तरुण श्रोत्यांस एक विनंती. सायकल हे गरिबाचे वाहन म्हणून तिला अडगळीत टाकू नका. मोटारीतून माळ दिसतो, पण माळाची तहान दिसत नाही. वर्षातून एकदा तरी आपल्याच जिल्ह्यातील एखादा उघडा रस्ता दिवसभर सायकलीने जाऊन पाहावा. तीन लिटर पाणी घ्यावे आणि उरलेले कोण देतो ते पाहावे. त्या दिवशी कोणाच्या दारात थांबलात हे घरी येऊन लिहून ठेवावे. असे दहा जणांचे लेख पुढील स्मरणिकेत आले, तर ते वाचण्यास आम्ही सर्वांत आधी हजर असू.